आठ किलो उतरले, आता काटा हलतच नाही. अजून कमी खायचं का?

सोनचाफा
१२ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वय ४४, उंची ५ फूट २ इंच. मागच्या उन्हाळ्यात ८२ किलो होते, दसऱ्यापर्यंत ७४ वर आले. तेव्हापासून तिथेच. ७३.६, ७४.३, परत ७३.९, असंच चालू आहे.

सकाळी रेशीमबाग मैदानावर चालायला जाते. चहातली साखर बंद केली, भात एकाच वेळी, रात्री ज्वारीची अर्धी भाकर आणि भाजी. जिममधले सर म्हणतात रात्रीचं जेवण पूर्ण सोडा आणि सकाळी रिकाम्या पोटी तासभर धावा. भिशीतल्या मैत्रिणी सांगतात की आठवडाभर नुसती फळं आणि सूप घे. आत्ताच मला दुपारी चारला ऑफिसमध्ये हात थरथरतील अशी भूक लागते, घरी आल्यावर मुलींवर चिडचिड होते ती वेगळी.

आईला मधुमेह आहे. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ५.९ टक्के आली, म्हणून हे सगळं सुरू केलं होतं. आता अजून काय कमी करायचं तेच कळत नाही. शरीराने वजन उतरवणं बंदच केलं का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.


कोराडीकर
१२ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, माझंही हेच. ९६ वरून ८९ आणि मग गाडी थांबली. मीही उत्तराची वाट पाहून राहिलो.


पळसफूल
१३ जानेवारी, दुपारी २:३०

सोनचाफाताई, मी आहारतज्ज्ञ आहे, धरमपेठेत बसते. तुमचा प्रश्न माझ्यापुढे रोज येतो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला जे भराभर उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की हा साठा आटतो, पाणी जातं, आणि पहिल्या पंधरवड्यात काटा एकदम खाली येतो. तोच वेग आपण मनात धरून बसतो. पुढे चरबी उतरायला लागते तेव्हा वेग मंदावणारच.

त्यानंतर खर्च कमी होतो. लहान शरीराला चालायला, उठायला-बसायला, नुसतं जिवंत राहायलाही कमी ऊर्जा लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेला ठोकताळा असा की वजनात एक किलोचा फरक पडला की रोजच्या खर्चात साधारण २४ कॅलरींचा फरक पडतो. तुमचे ८ किलो म्हणजे रोजच्या १९० च्या आसपास कॅलरी. पगार कमी झाला की घर आपोआप हात आखडतं, तसं शरीरही करतं. नकळत आपण कमी उठतो, कमी हातवारे करतो, जिन्याऐवजी लिफ्टकडे वळतो.

पण याहून मोठी गोष्ट भुकेची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं एक औषध घेणाऱ्यांच्या नोंदींवरून याच गटाने २०१६ मध्ये हिशेब मांडला. या लोकांच्या रोज काही कॅलरी नकळत जात होत्या, त्यामुळे भूक किती वाढते ते मोजता आलं. उत्तर आलं, घटलेल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १०० कॅलरी. खर्चातल्या घटीच्या चौपट! तुम्हाला चार वाजता जी भूक लागते ती तुमच्या मनाची कमजोरी नाही. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरलंय, भूक लावणारं घ्रेलिन वाढलंय, आणि मेंदू अन्न मागतोय. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन उतरवल्यावर वर्षभरानेही ही संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. आता अजून कमी खाऊ नका. भूक आधीच एवढी जागी असताना ताट आणखी रिकामं केलं तर आठ-पंधरा दिवस निभेल, नंतर एखाद्या संध्याकाळी सगळं उलटेल. या टप्प्यावर वजन टिकवून धरणं हीच तुमची पुढची पायरी आहे. ती जमली की मग पुढचे दोन किलो.


पहाटफेरी
१३ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

पळसफूल मॅडम, आदर ठेवून सांगतो, मला हे पटलं नाही. खाणं कमी केलं आणि वजन उतरलं नाही असं होऊच शकत नाही. दुष्काळात कोणी जाड राहिलेला पाहिलाय का? मी रोज पहाटे अंबाझरीला धावतो, एकवेळ जेवतो. माणसाने जीभ आवरली की सगळं होतं.


पळसफूल
१३ जानेवारी, रात्री ८:४०

पहाटफेरीदादा, उपाशी राहिलं की वजन उतरतं यात वादच नाही. प्रश्न त्यानंतर काय होतं याचा आहे.

१९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या लोकांना परत कसं जेवू घालायचं हे शोधण्यासाठी तो प्रयोग होता आणि ही मुलं स्वतःहून आली होती. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटलं, म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं. पण त्याचबरोबर त्यांना सतत थंडी वाजायची, नाडी मंदावली, कामातलं मन उडालं, दिवसरात्र डोक्यात फक्त जेवण. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं जमवायला लागले. प्रयोग संपून हवं तेवढं खायची मोकळीक मिळाली तेव्हा पोट भरलं तरी भूक शमत नव्हती. शिस्तीत कमी पडलेली मुलं नव्हती ती.

दुसरं उदाहरण अलीकडचं. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती, त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं. बऱ्याच जणांचं वजन बरंचसं परत आलं होतं, आणि तरीही विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. तिथे तर दिवसाचे कित्येक तास व्यायाम आणि डोक्यावर ट्रेनर होता.

तुम्हाला एकवेळ जेवण झेपत असेल तर चांगलंच आहे. पण ४४ वर्षांची बाई, नोकरी, दोन मुली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, चार वाजता हात थरथरतात, अशा बाईला तेच सांगणं मला धोक्याचं वाटतं.


महालातली_काकू
१४ जानेवारी, सकाळी ११:२०

आधी सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि सोनचाफा, एक लाडू तूही खा गं. त्याने काही होत नाही.

मी एवढी शिकलेली नाही, पण स्वयंपाकघर पन्नास वर्षं सांभाळलंय. मला शंका तेलाची. आपण नागपूरची माणसं, आपल्याकडे तर्री दिसली नाही तर रस्सा झाल्यासारखाच वाटत नाही. गोळाभात केला की वरून कढीपत्ता-मोहरीची फोडणी, ती पळीनेच घालायची. पातोडीच्या रश्शावर तेलाचा थर आलाच पाहिजे. भाकर अर्धी खाल्ली तरी तिच्यासोबतच्या वांग्याच्या भाजीत किती तेल आहे ते कोणी मोजत नाही.

माझ्या सुनेने एक केलं. तेलाचं भांडं बाजूला ठेवलं आणि औषधाच्या बाटलीसोबत येतं तसलं १५ मिलीचं माप डब्यात टाकलं. मी आधी कुरकुरले. पण पहिल्याच दिवशी कळलं की माझ्या हाताची एक पळी म्हणजे तिची तीन मापं. तेव्हापासून मी मोहरी तडतडली की कांदा घालते आणि तो चिकटायला लागला की तेलाऐवजी गरम पाण्याचा शिपका मारते, झाकण ठेवते. मसाला भाजून वाटला असेल तर चव कमी होत नाही. तर्री लागतेच त्या दिवशी वरचं तेल पळीने काढून वेगळ्या वाटीत ठेवते, ज्याला हवी त्याने घ्यावी. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र सढळ हाताने.


पळसफूल
१४ जानेवारी, दुपारी १२:१०

काकू, तुमची पोस्ट मी माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना वाचायला लावणार आहे.

१५ मिली तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. काकूंची जुनी पळी ३६० च्या घरात होती. सोनचाफाताई, तुम्ही तेलाची एक लिटरची पिशवी फोडाल तेव्हा कॅलेंडरवर तारीख लिहा आणि संपेल तेव्हा पुन्हा. आपल्याकडे दरमाणशी दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरे मानतात. चौघांच्या घरात मधला आकडा धरला तर महिन्याला सव्वातीन लिटर, तूपही त्यातच. बहुतेक घरांत ही बेरीज पाच-सहाच्या पुढे जाते.

१९९२ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. 'आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्यांची, शरीराचा ऊर्जाखर्च मोजणाऱ्या खास पाण्याच्या चाचणीने तपासणी केली. त्यांचा ऊर्जाखर्च ठणठणीत होता, पण प्रत्यक्ष खाणं त्यांच्या नोंदीपेक्षा जवळपास दुप्पट निघालं. ही माणसं खोटारडी नव्हती. फोडणी, चाखून पाहणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, ऑफिसातल्या वाढदिवसाचा समोसा, यातलं काहीच जेवण म्हणून लक्षात राहत नाही. म्हणून वही ठेवा, पण स्वतःला दोष द्यायला नको. आठवडाभर लिहून झालं की बंद करा.


औषधपेढी
१४ जानेवारी, रात्री ९:३०

एक महत्त्वाची सूचना. माझं मेडिकल स्टोअर आहे, म्हणून कळकळीने लिहितो. हा धागा वाचून कोणी मधुमेहाची औषधं चालू असताना जेवण सोडू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर झपाट्याने खाली येते. दरदरून घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. खाण्यात मोठा बदल करायचा तर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

आणि काही औषधांनीही वजन अडतं किंवा वाढतं. स्टेरॉइड, काही नैराश्यावरच्या आणि मानसिक आजारांवरच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्तदाबासाठीचे काही बीटा ब्लॉकर. स्वतःहून कोणतीही गोळी बंद करू नये, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.


सोनचाफा
१४ जानेवारी, रात्री १०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, लाडू खाल्ला! मला कुठलंही औषध चालू नाही. थायरॉइड तपासलं होतं, ठीक आलं.

पळसफूलताई, टिकवून धरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला भीती वाटते की एकदा सैल सोडलं की परत ८२.


पळसफूल
१५ जानेवारी, दुपारी ३:००

भीती अगदी साहजिक आहे. सैल सोडायचं नाही, पोटभर पण ठरवून खायचं. तुमच्या आत्ताच्या वजनाला जेवढं लागतं तेवढं, दोन आठवडे.

तस्मानियातल्या एका अभ्यासात ५१ लठ्ठ पुरुषांचे दोन गट केले. एका गटाने १६ आठवडे सलग कमी खाल्लं. दुसऱ्याने तेवढेच १६ आठवडे कमी खाल्लं, पण दोन आठवडे कमी, दोन आठवडे वजन स्थिर राहील एवढं, अशा पाळीने. थांबत थांबत गेलेल्यांचं वजन जास्त उतरलं, सरासरी १४ किलो, सलगवाल्यांचं ९. सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसलेला नाही आणि हे पुरुष होते, त्यामुळे मी याला हमखास उपाय म्हणणार नाही. पण थांबलो म्हणजे हरलो ही भीती तरी यातून जावी.

तुमच्यासाठी पहिला बदल चार वाजताच्या भुकेचा. तुमच्या जेवणात प्रथिनं फार कमी दिसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ६० ग्रॅम तरी हवीत. पातळ वरणाची एक वाटी सहा-सात ग्रॅम देते, एक अंडं सहा, मूठभर फुटाणे सहा, १०० ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. अर्धी भाकर आणि दोडक्याची भाजी यात काय मिळणार? सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दोन अंडी, दुपारी घट्ट वरण आणि दही, साडेतीनला भूक लागायच्या आधीच फुटाणे आणि ताक, रात्री एक पूर्ण भाकर, झुणका आणि भरपूर भाजी. झुणका कमी तेलाचा, काकूंच्या पद्धतीने. हो, रात्रीची भाकर मी वाढवतेय. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

वजन रोज करत असाल तर रोजचा आकडा विसरा, सात दिवसांची सरासरी बघा. पाळीच्या आधी, लोणचं-पापड जास्त झाल्यावर, नवीन व्यायामाने अंग दुखत असताना किंवा पोट साफ नसताना एक-दोन किलो पाणी सहज वरखाली होतं. चरबी उतरत असूनही काटा तीन-चार आठवडे जागचा हलत नाही असंही होतं.


मिहान_रात्रपाळी
१६ जानेवारी, सकाळी ७:१५

आत्ताच पाळी संपवून खापरीहून मेट्रोने घरी येऊन राहिलो. झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. रात्रपाळीत पहाटे तीनला जी भूक लागते ती दिवसाच्या भुकेपेक्षा निराळीच असते, भात-वरण नको वाटतं, वेफर आणि गोड चहाच पाहिजे. झोप दिवसा पाच तास, तीही तुकड्यातुकड्यांत. याचा वजनाशी संबंध आहे का?


पळसफूल
१६ जानेवारी, दुपारी १:२०

खूप आहे. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात दहाच लोक होते, पण निकाल लक्षात राहण्यासारखा आहे. त्याच माणसांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास अंथरुणावर ठेवलं. खाणं दोन्ही वेळा सारखंच मोजून. वजन दोन्हीकडे साधारण ३ किलो उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला, बाकीचं मांसल भागातून गेलं. भूकही वाढली.

तुम्ही पाळी बदलू शकत नाही हे मी समजते. खोलीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि पहाटे तीनसाठी घरूनच डबा. उकडलेली अंडी, दही-पोहे, फल्लीदाणे, जे आवडेल ते. मशीनमधलं वेफरचं पाकीट भूक लागल्यावर टाळणं कोणालाच सोपं नाही. दोनदा विचार करायची वेळच येऊ नये म्हणून डबा.

सोनचाफाताई, हे तुम्हालाही लागू आहे. चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली की झोप मोडते आणि चरबी पोटाकडे सरकते. पहाटे पाचला उठून धावण्यासाठी झोपेतला तास कापू नका.


बैठकवाली
१७ जानेवारी, सायंकाळी ६:३०

मी साठीची, गुडघे दुखतात. मला फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं सांगते कारण माझा फायदा झाला. फक्त चालण्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवा. मी जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठते आणि सावकाश बसते, दहा वेळा. भिंतीला हात टेकून पुशअप. पाण्याच्या एक लिटरच्या दोन बाटल्या हातात धरून खांद्यापर्यंत उचलते, त्या भरल्या की बरोबर एक-एक किलोच्या होतात. वजन काट्यावर फारसं बदललं नाही, पण आता सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनचा जिना मी रेलिंग न धरता चढते आणि पूर्वीच्या साडीच्या ब्लाउजला आतून टीप मारावी लागली.


पहाटफेरी
१७ जानेवारी, रात्री ८:००

बैठकवाली काकू, हे ऐकून बरं वाटलं. पळसफूल मॅडम, मिनेसोटाबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. माझा धाकटा भाऊ गेली दोन वर्षं महिनाभर उपाशी, मग दोन महिने वाट्टेल ते, असं करून राहिला आणि मी त्याला फक्त रागावतो. त्याला हा धागा पाठवला आहे. ताकदीचा व्यायाम मीही करत नाही, आता करीन.


कोराडीकर
१८ जानेवारी, सकाळी १०:००

वजन उतरवायचं ते नवीन इंजेक्शन घ्यावं का? मित्र म्हणतो सगळ्यांचं वजन उतरून राहिलं, हा अडकायचा प्रश्नच नाही.


पळसफूल
१८ जानेवारी, दुपारी ४:१५

औषधाचा निर्णय एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्टच (संप्रेरकांचे डॉक्टर) घेतील, मी नाही. तिरझेपटाइड आणि लठ्ठपणासाठीचं सेमाग्लुटाइड ही दोन्ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगली औषधं आहेत, आणि ती घेणं म्हणजे हार मानणं नाही. पण त्यांच्यावरही वजन साधारण वर्षभरात एका पातळीवर येऊन थांबतं, कारण तिथेही शरीर नवा समतोल शोधतंच. बंद केल्यावर बरंचसं परत येतं. आणि स्नायू जाऊ नयेत म्हणून प्रथिनं आणि बाटल्या तेव्हाही उचलाव्याच लागतात.

मित्राच्या सांगण्यावरून, ऑनलाइन मागवून कृपा करून घेऊ नका.

आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, त्यातली पोटातली जास्त त्रासाची. म्हणून काट्यासोबत टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० च्या आत असावी असं मानतात. कोणी १०० वर असेल तर ८० कडे बघून घाबरू नका, ९८ झाली तरी ती प्रगती आहे.

सोनचाफाताई, तुमचं मूळ कारण साखर आहे ना? मग हे जरूर वाचा. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट होतं, त्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमचे ८२ पैकी ८ किलो म्हणजे जवळपास १० टक्के. तुम्ही ते उद्दिष्ट ओलांडून पुढे आला आहात! आणि चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, साखर सीमेवर असलेल्या ५३१ भारतीयांत, चालणं आणि खाणं सुधारलेल्यांचा मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. त्यांचं वजन जवळजवळ तेवढंच राहिलं होतं. शरीर आतून सुधारत असतं आणि काट्याला ते दिसत नाही. साखर परत तपासून घ्या.


सोनचाफा
१८ जानेवारी, रात्री ११:०५

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. घरी सगळे विचारतात, किती उतरलं? काही नाही म्हणून सांगायची लाज वाटायची. उद्यापासून फुटाणे डब्यात.


सोनचाफा
६ मार्च, रात्री ९:२०

मंडळी, सांगायचं राहिलं होतं. पळसफूलताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन आठवडे पोटभर खाल्लं. वजन वाढलं नाही, पहिल्या चार दिवसांत पाऊण किलो वर गेलं आणि परत आलं. तेवढ्यात मी घाबरून सोडणार होते, पण सरासरीचं लक्षात ठेवलं. चार वाजताची थरथर बंद झाली आहे, मुलींना हे माझ्याआधी जाणवलं.

मग पुन्हा थोडं कमी केलं, पण जेवण सोडून नाही. तेलाचं माप आणलं. आमच्या घरात महिन्याला साडेपाच लिटर तेल जात होतं, मागच्या महिन्यात चारवर आलं. जिममधल्या सरांना सांगितलं की मी रिकाम्या पोटी धावणार नाही, मला वजनं उचलायला शिकवा. ते तयार झाले.

आज सरासरी ७३.१. फार नाही. कंबर ९६ होती ती ९२ वर आली. साखर ५.७.


महालातली_काकू
६ मार्च, रात्री ९:५५

शाब्बास गं बाई. चार लिटरचे तीन कर, मग तुला माझी तेल न घालता केलेली भरल्या वांग्याची पद्धत सांगते.


पळसफूल
७ मार्च, दुपारी २:००

खूप आनंद झाला. ४ सेंटिमीटर कंबर कमी झाली आणि वजन एकही किलो नाही, याचा अर्थ बहुधा चरबी गेली आणि स्नायू राहिला. आता महिनाभर काही बदलू नका.


कोराडीकर
७ मार्च, रात्री ८:३०

माझी कंबर १०४ वरून १०१. इंजेक्शन घेतलं नाही, डॉक्टर म्हणाले आधी तीन महिने असंच करून पाहा. पण आता उन्हाळा तोंडावर आहे. एप्रिल-मेमध्ये नागपुरात चालणार कुठे आणि कसं? मागच्या वर्षी माझं सगळं तिथेच सुटलं होतं.


बैठकवाली
७ मार्च, रात्री ९:१०

भाऊ, मी उन्हाळ्यात एका तासाचे तुकडे करते. सहाच्या आत अर्धा तास बाहेर, आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं, हॉलपासून मागच्या अंगणापर्यंत कूलरच्या हवेत. जेवणानंतर चाललं की साखरही कमी चढते. पारा ४५ कडे गेला की मी बाहेरचं चालणं बंदच करते, उन्हाशी हट्ट करत नाही. खुर्ची आणि बाटल्यांचं मात्र सुटू देऊ नका, त्याला ऊन लागत नाही. आणि उसाच्या रसाच्या गाडीवर रोज थांबत असाल तर तो हिशेबात धरा.


कोराडीकर
७ मार्च, रात्री ९:३५

रोजच थांबतो काकू. आठवड्यातून एकदा करतो, बाकी दिवस मठ्ठा. बिनसाखरेचं लिंबूपाणीही चालेल न?


बैठकवाली
७ मार्च, रात्री ९:४०

चालेल. मीठ चिमूटभरच टाका.